घाईबाईचा उजवा गुडघा

घरातली थोरली असूनही तिला सगळे घाईबाई म्हणत. ताटावरून उठायच्या आधीच तिची नजर चपला शोधायची. शाळा संपल्यावर तिने शिवणाच्या प्रशिक्षण केंद्रात नाव घातलं, तेव्हा धाकट्या भावाने खिजवलं, "ताई, तुझ्या शर्टाला बाह्या तरी दोन असतील ना?" तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि वर्षभर मान मोडून शिकली.

केंद्रातली टेबलं मात्र डुगडुगणारी. मशीन सुरू झालं की टेबल नाचायला लागे. म्हणून सगळ्या पोरी उजवा गुडघा टेबलाखालच्या पट्टीला रेटून बसत. हे कुणी शिकवलं नव्हतं, आपसूक अंगवळणी पडलं होतं.

पुढे कपड्यांच्या कारखान्यातून चाचणीला बोलावणं आलं. शर्टाला खिसा लावून दाखवायचा, जमला तर नोकरी. आईने देवापुढे हात जोडून तिला धाडलं. तीही मनात देवाचं नाव घेत मशीनवर बसली, सवयीने गुडघा रेटला, आणि सुईखालचं कापडच सुटलं. पुन्हा रेटला, पुन्हा तेच. खिसा जणू रुसून एका अंगाला कलंडला.

"हे काय गं?" सुपरवायझर बाईंनी विचारलं.

"मॅडम, टेबल धरत होते."

"का? पळून चाललंय की काय?" बाईंना हसू आवरेना. मग खाली वाकून त्यांनी दाखवलं. गुडघ्यापाशी एक दांडी होती. ती ढकलली की कापड दाबून धरणारी पट्टी वर उचलली जाते. केंद्रातल्या जुन्या मशीनला असलं काही नव्हतंच.

घाईबाईचे डोळे भरून आले. "मॅडम, आणखी एक खिसा लावू द्या. एकच."

उजवा पाय डाव्या पायामागे अडकवून, जन्मात पहिल्यांदाच सावकाश, तिने खिसा लावला. बाईंनी तो उलटसुलट पाहिला. "हात तयार आहे. गुडघ्याला वळण लागेपर्यंत शिकाऊ म्हणून ये. मग कायम करू."

दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर लाकडाचे तुकडे घेऊन केंद्रात हजर. झाला प्रकार तिने सरांना सांगितला. "आता या पोरींनाही बोलावणं येईल, सर."

सर बाह्या सरसावून थेट टेबलाखाली शिरले.

"तू वरून दाब," आतून आवाज आला, "आणि कुठला पाय आखूड आहे ते सांग."