लाल दोरी

आमच्या खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात दिव्यासमोर बसून बाटल्या तपासणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. बावीस वर्षं तिने डोळ्यांत तेल घालून ते काम केलं.

मग मोठे साहेब एक नावाजलेली कंपनी बघून आले. तिथे म्हणे कुठलाही कामगार दोरी ओढून चालू काम थांबवू शकतो. झालं! आठवड्याभरात आमच्याकडेही लाल दोरी लटकली. साहेब म्हणाले, "शंका आली की बेधडक ओढा. कुणी ब्र काढणार नाही."

मावशीने ते खरं मानलं. तिसऱ्याच दिवशी तिला एका बाटलीत काचेची बारीकशी कपची दिसली आणि तिने दोरी ओढली. पाऊण तास काम बंद पडलं. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, पुष्पगुच्छ दिला, फोटोही काढून घेतला. सोमवारी मावशीच्या हातात झाडू आला. "तुमच्या डोळ्यांना आता आराम हवा," साहेब म्हणाले.

आम्ही शहाणे. त्यानंतर वर्षभर माना खाली घालून बाटल्या पुढे ढकलत राहिलो. दोरीला हात लावते ती फक्त मावशी, धूळ पुसायला.

परवा पाहुणे आले. साहेब छाती फुगवून म्हणाले, "गेल्या वर्षभरात एकदाही ओढावी लागली नाही. काय मावशी?"

"हो साहेब," फडकं पिळत मावशी म्हणाली.

त्या संध्याकाळी तिची नात खोकत होती. जावयाने आणलेली आमची बाटली मावशीने मोरीत ओतली. उजेडात धरून बघितलीसुद्धा नाही.