साठ लिटरचा डबा

माझ्या एका शाळासोबत्याचं सदर भागात चष्म्याचं दुकान आहे. तो गातो. त्याच्या दुकानाच्या माडीवर दर रविवारी सकाळी आम्ही चौघं जमतो आणि जुनी हिंदी गाणी बसवतो. तो गायक आणि म्होरक्या. कन्हानहून येणारे निवृत्त शाळामास्तर कीबोर्डवर. एक वीज दुरुस्तीवाला ऑक्टोपॅड या विजेवरच्या तालवाद्यावर. चौथा मी. अकरा वर्षं मी तिथं बेस गिटार वाजवतो.

हे वाद्य अनेकांना ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. त्याला चार जाड तारा असतात. त्याच्यावर कोणी चाल वाजवत नाही. चालीच्या खाली खर्जातला एकेक सूर धरायचा, एवढंच काम. सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला एक्केचाळीस वेळा थरथरते. ती थरथर ऐकवायला मोठा स्पीकर लागतो. माझ्याकडे अकरा वर्षं आठ इंची स्पीकरचा छोटा ॲम्प होता. ऐंशीच्या खालचं त्यातून फारसं बाहेर यायचं नाही. म्हणजे माझं निम्म्याहून अधिक वाजवणं त्या डब्यातच राहत होतं. हे मला माहीत होतं, पण ते कागदावरचं माहीत असणं होतं.

मागच्या वर्षी मौद्याच्या एका वसाहतीत कार्यक्रम ठरला. गाडी लहान, रंगमंच लहान. गायकानं रविवारी चहा संपल्यावर विषय काढला.

"मौद्याले आम्ही तिघंच जाऊ म्हणतो. तुझा बेस कोणाले ऐकू येते गा? मले तर येत नाही. आणि मास्तरच्या डाव्या हातात बेस आहेच."

"तसं पाहिलं तर ट्रॅक लावला की आपण चौघंही नाही लागत," ऑक्टोपॅडवाला म्हणाला. "पेन ड्राइव्ह पाठवून देऊ मौद्याले."

मास्तर कीबोर्डवर कापड टाकत होते.

त्या डाव्या हाताचा मला जुना राग होता. मी वाजवत असताना मास्तर खालचे सूर दाबायचे. मी दोनदा गायकाकडे तक्रार केली होती, की बेस वाजवायला माणूस आहे तर कीबोर्डनं त्यात हात घालू नये. आता तोच हात माझ्या जागी बसणार होता. नोकरी, घर आणि रविवारची माडी, एवढंच माझं आठवड्याचं गणित आहे. त्यातली माडी गेली तर रविवार रिकामा.

"सहा आठवडे आहेत," मी म्हणालो. "स्पीकरचा डबा मी स्वतः बनवतो. मौद्याच्या आधी तुले ऐकू आलो नाही, तर गिटार घरी ठेवतो."

"लिहून देते का?"

"देतो."

आणि दिलं. बिलाच्या मागच्या बाजूला, तारखेसकट.

डब्याबद्दल मला धाकधूक नव्हती. मी जमीन मोजणीच्या कार्यालयात नोकरी करतो. माप घेणं आणि मापाप्रमाणे होणं हा माझा रोजचा व्यवहार आहे. बारा इंची स्पीकर घेतला. त्याच्या कागदावरच्या आकड्यांवरून हिशेब केला तर आत साठ लिटरच्या आसपास हवा हवी होती. आतून चाळीस सेंटिमीटर रुंद, पन्नास उंच, बत्तीस खोल, म्हणजे चौसष्ट लिटर. त्यातून स्पीकरचा पाठीमागचा भाग, आधाराच्या पट्ट्या आणि नळी वजा केल्यावर एकोणसाठ राहतात. नळी म्हणजे चार इंची पीव्हीसी पाइप, समोरच्या फळीत बसवलेला, साडेतेरा सेंटिमीटर लांब. तिच्यातून डब्यातली हवा आतबाहेर होते आणि खर्जाला जोर येतो. पाइप दोन सेंटिमीटर चुकला तर खर्ज भलतीकडे जातो. मी तो सोळाचा कापून घेतला आणि घासत घासत साडेतेरावर आणला.

अठरा मिलिमीटरचं प्लाय आमच्या गल्लीतल्या सुतारानं कापून दिलं. त्यानं गोल भोक पाडलं, मागे उभा राहून पाहिलं.

"साहेब, कूलर बनवून राहिले का?"

"स्पीकर आहे."

"मग याच्यात पानी कुठून भरता?"

ते वाक्य गल्लीत पसरलं. पुढचे आठ दिवस मी अंगणात डिंक लावत बसलो की जाणारायेणारा विचारायचा, पंप बसवला का, वाळ्याच्या ताट्या कोणत्या लावता. मे महिना होता, त्यामुळे विचारणाऱ्यांपैकी दोघं खरोखरच गिऱ्हाईक म्हणून आले होते. सांध्यांतून हवा निसटू नये म्हणून आतून प्रत्येक कोपऱ्यात डिंकात कालवलेला लाकडाचा भुसा भरला. मग अगरबत्ती लावून सगळ्या कडांवरून फिरवली आणि स्पीकरचा पडदा हातानं आतबाहेर हलवला. धूर कुठेही हलला नाही. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन भरलं एकवीस किलो तीनशे ग्रॅम. माझा अंदाज एकवीस होता.

शंभर वॅटचा ॲम्प जोडून पहिल्यांदा जाड तार छेडली तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती.

"अहो, डब्यातले पोहे नाचून राहिले," ती म्हणाली. "अजून एकदा करा बरं."

मी केलं. ती मांडणीला हात लावून उभी राहिली. "हे तुम्ही इतके वर्षं वाजवत होते?"

"हेच."

"मग आम्हाले काहून नाही ऐकू आलं?"

मी तिला ऐंशी आणि एक्केचाळीसचा हिशेब सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतला.

मौद्याला दोन रविवार उरले असताना डबा माडीवर चढवला. पहिली तीन गाणी झाली. गायक मान डोलवत होता. ऑक्टोपॅडवाल्यानं माझ्याकडे पाहून भुवया वर केल्या. मग चौथं गाणं, आमचं सगळ्यांत जुनं युगुलगीत, मौद्यात शेवटी ठेवलेलं. पहिल्या अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीवर गायक थांबला.

"काहीतरी खटकलं."

पुन्हा घेतलं. त्याच ठिकाणी पुन्हा थांबला. "खालून काहीतरी घाण आवाज येते बे."

"डबा फाटला असन," ऑक्टोपॅडवाला म्हणाला.

"डबा फाटत नाही," मी म्हणालो. "एकूणएक सांधा तपासला आहे. मास्तरांचा डावा हात चुकत असेल. दोन बेस एकावर एक आले की असं होतं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "असू शकते," ते म्हणाले, आणि त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला. "आता घ्या."

आम्ही घेतलं. या वेळी खाली फक्त मी होतो. तिसरी ओळ आली, आणि माझ्याच डब्यातून, साठ लिटर हवेच्या जोरावर, चुकीचा सूर बाहेर पडला. तो मलाही ऐकू आला. गायकानं पाण्याची बाटली उघडली आणि बंद केली.

घरी येऊन मी कागद काढले. मला स्वरलिपी येत नाही. मी गाणी आकड्यांत लिहितो. बेसच्या मानेवर आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. कोणती तार, कितवा फ्रेट, एवढंच मी चौकटीच्या कागदावर मांडतो. गायकाला गाणं दोन सूर खाली हवं असेल तर प्रत्येक आकड्यातून दोन वजा करायचे. उणे एक आला तर शेजारच्या जाड तारेवर जायचं आणि पाच मिळवायचे. या पद्धतीत माझी वजाबाकी कधी चुकलेली नाही. त्या गाण्याचे चार वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांतले चार कागद होते, आणि चारही एकमेकांशी तंतोतंत जुळत होते.

मग कानाला चांगले हेडफोन लावून मूळ गाणं ऐकलं. तिसऱ्या ओळीखाली बेस पायऱ्या उतरतो: सातवा फ्रेट, पाचवा, तिसरा, आणि दुसरा. माझ्या मूळ स्वरपट्टीच्या कागदावर होतं सात, पाच, तीन, एक.

अकरा वर्षांपूर्वी मी हे गाणं मोबाइलच्या स्पीकरवरून उतरवलं होतं. शेवटचा सूर त्यात ऐकूच येत नव्हता. सात, पाच, तीन अशी दोन-दोननं उतरण दिसली, म्हणून पुढे एक लिहिलं. आकडे ओळीत बसत होते, तेव्हा खात्री करायची गरज वाटली नाही. मोजणीत पहिला दगडच चुकीचा धरला तर पुढची सगळी मापं बिनचूक घेऊनही शेत शेजाऱ्याच्या बांधात जातं. हे मी नवीन लोकांना शिकवत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी कार्यालय सुटल्यावर कागद घेऊन कन्हानला गेलो. मास्तर दारातच खुर्ची टाकून बसले होते. मी चारही कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हो," ते म्हणाले. "तिथं दोन पाहिजे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नऊ वर्षं झाली असतील. म्हणून तर तिथं मी डावा हात ठेवतो. बरोबरचा सूर जरा जोरानं दाबला की तुमचा झाकून जाते."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं होतं, भाऊ. एकदा. तुम्ही हे चारही कागद काढून दाखवले. म्हणाले, मास्तर, चार ठिकाणी एकच उत्तर येते, चूक कशी असन."

मला तो दिवस आठवला. चार कागद एकाखाली एक लावून मी जिंकलो होतो.

"आणि मी तुमची तक्रार करत होतो," मी म्हणालो.

"तेही माहीत आहे. चष्मेवाल्याच्या पोटात काही राहत नाही." ते हसले आणि आत वळून ओरडले, "चहा ठेवा वं, दोन कप."

गुपचूप एकाचा दोन केला असता तर गायकाला कारण कळलं नसतं. पण ऐकू येईन असं मी त्याला लिहून दिलं होतं, आणि ऐकू आली ती चूक कोणाची हे लपवणं मला जमत नव्हतं. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं: डबा ठीक आहे, मास्तरांचा हात ठीक आहे, अकरा वर्षं चूक माझी होती, ती आता दुरुस्त केली आहे.

गायकानं चष्मा पुसला. "म्हणजे आजपर्यंत ऐकू येत नव्हता तेच बरं होतं."

"तेव्हा बरोबर वाजवलेलंही ऐकू येत नव्हतं," मी म्हणालो. "अर्धं गाणं घे आणि ठरव."

आम्ही पूर्ण घेतलं. मास्तरांचा डावा हात सुरुवातीपासून मांडीवर होता. तिसरी ओळ आली, सात, पाच, तीन, दोन, आणि गायक थांबला नाही. संपल्यावर तो ऑक्टोपॅडवाल्याला म्हणाला, "गाडी मोठी पाहा. हा डबा मावला पाहिजे."

मौद्यात मास्तर कार्यक्रमभर उजव्या हातानंच वाजवत होते. डाव्यानं पानं उलटत होते. बेसच्या मध्ये त्यांनी एकदाही हात घातला नाही, आणि मला तो हात तिथं नसल्याचं प्रत्येक गाण्यात जाणवत होतं.

परत आल्यावर मी सगळी चौसष्ट गाणी हेडफोन लावून पहिल्यापासून तपासली. आणखी तीन चुका निघाल्या. रविवारी त्या वाचून दाखवल्या: गाणं, ओळ, आधीचा आकडा, नवा आकडा.

मास्तर बोटांवर मोजत ऐकत होते. "दोन मले माहीत होत्या," ते म्हणाले. "तिसरी कोणती म्हणता?"

मी पुन्हा सांगितली. त्यांनी कीबोर्डवरचं कापड काढलं, तो सूर दाबून पाहिला, शेजारचा दाबून पाहिला, मान हलवली आणि आपल्या पानावर दुरुस्ती करायला माझ्या कागदाकडे हात पुढे केला.