आई ड्युटीवरून परतल्या

कमी बोलणाऱ्या माणसाजवळ किस्से फार जमतात. त्यातून ते माणूस नवी सून असेल तर विचारूच नका! हातात चहाचा ट्रे असला की सून कुणाला दिसत नाही आणि तिच्यादेखत लोक वाट्टेल ते बोलतात. लग्न होऊन नागपूरला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात मी इतके किस्से गोळा केले, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय पुढच्यांना जागा होणार नाही.

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. म्हणजे गावोगावचे फोन जोडून द्यायचं काम. त्याच दिवाळीत रिटायर झाल्या. सासरे, म्हणजे बाबा, शाळेत ड्रॉइंग मास्तर. ते आधीच रिटायर झालेले. सगळा संसार असा झाला, की बाबा शाळेतून यायचे आणि त्या ड्युटीवर निघायच्या. भेट व्हायची ती फाटकात! बाबांची अंगणात कडुलिंबाखाली एक वेताची खुर्ची होती. आईंच्या निरोपसमारंभाआधी त्यांनी तशीच दुसरी विणून आणली आणि शेजारी ठेवली.

आणि नेमका तेव्हाच धंतोलीतल्या एका डॉक्टरांचा निरोप आला. नवं हॉस्पिटल, नवा टेलिफोन बोर्ड. "ताईंसारखं माणूस पाहिजे. संक्रांतीपर्यंत कळवा." आईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बाबांना कुणी विचारलं नाही. ते आपले रोज सकाळी दोन्ही खुर्च्या पुसायचे.

* * *

रिटायरमेंटनंतरची पहिली सकाळ. मी दोघांना अंगणात चहा दिला. बाबांनी कप नाकाजवळ नेऊन आल्याचा वास घेतला, तोवर आईंचा कप रिकामा! वाफाळता चहा, एका दमात. ड्युटीवर रिलीफ मिळायची ती एवढीशी. तेवढ्यात चहा, बाथरूम आणि सुटलेली वेणी, सगळं.

"अवं, चहा होता तो. काढा नाही."

"सवय आहे."

दुसऱ्या दिवशी बाबांनी ट्रेमधले दोन्ही कप आपल्यासमोर ओढले.

"काहून अडवून राहिले?"

"थंड होऊ दे. तुझी गाडी सुटून नाही राहिली."

आई नाइलाजाने कपाकडे बघत बसल्या. जरा वेळाने मला म्हणाल्या, "सूनबाई, या कपावर फुलं आहेत वं!"

ते कप माझ्या नवऱ्याच्या मुंजीत आलेले होते.

* * *

दर गुरुवारी आईंच्या दोन मैत्रिणी यायच्या, कुसुमताई आणि फर्नांडिसबाई. दोघीही एक्स्चेंजमधल्याच, दोघीही रिटायर. पहिल्या गुरुवारी मी हौसेनं तीन खुर्च्या गोल मांडल्या, मध्ये स्टुलावर चिवडा. चहा घेऊन आले तर तिघींनी खुर्च्या उचलून एका रांगेत लावलेल्या, भिंतीकडे तोंड करून! आणि भिंतीकडे बघत गप्पा रंगात आलेल्या.

मी दारातच थबकले. कुसुमताई मान न वळवता म्हणाल्या, "घाबरू नको वं. जन्मभर बोर्डाकडे पाहून बोललो आम्ही. तोंडाकडे पाहून बोलता नाही येत आम्हाले!"

मी चिवडा उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवला.

* * *

वर्ध्याहून माझ्या आईचा फोन आला. घरी फोन होता तो सासूबाईंच्या खात्याच्या कृपेनं. मी रिसीव्हर धरला, पण शेजारी सासूबाई उभ्या, त्यामुळे माझं आपलं "हो... बरी आहे... जेवते..." एवढंच चाललेलं. तिकडे आईचा आवाज भरून आला. इतक्यात सासूबाई एकदम ड्युटीवरच्या खड्या आवाजात म्हणाल्या, "तीन मिनिट झाले! वाढवायचे?"

आईनं घाबरून फोनच ठेवला!

सासूबाईंनी जीभ चावली. "तोंडातून निघून गेलं वं." मग स्वतःच वर्ध्याचा कॉल बुक केला. लागल्यावर रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि बादली घेऊन अंगणात गेल्या. बोलून झाल्यावर मी बाहेर डोकावले. बाईंनी एकाच तुळशीला इतकं पाणी घातलं होतं, की वृंदावनाखाली डबकं साचलेलं! मला म्हणाल्या, "झालं? की अजून एक बादली आणू?"

* * *

या बाईंनी मुंबई, कलकत्ता, मद्रास, सगळं कानानं पाहिलेलं. पण अंबाझरीवर संध्याकाळ कशी होते ते ठाऊक नाही, कारण संध्याकाळची ड्युटी! बाबांनी एक दिवस रिक्षा केली. मलाही घेतलं, बहुधा साक्षीदार म्हणून.

तलावावर सूर्य टेकला. पाणी लालभडक झालं.

"पाहा," बाबा म्हणाले.

"पाहिलं," आई म्हणाल्या. "आता काय करायचं?"

"आता पुन्हा पाहा."

* * *

एका गुरुवारी विषय निघाला की सगळ्यात अजब कॉल कोणता. फर्नांडिसबाईंनी आईंकडे, म्हणजे भिंतीकडेच, बघून विचारलं, "वो लकडगंजवाला बताव ना!"

"नाव नाही सांगणार," आई म्हणाल्या. "लाकूडवाले शेठ होते एक. बायको रुसून रायपूरले गेलेली, माहेरी. कॉल लावून दिला. पाहते तर लाइनीवर काहीच नाही. मले वाटलं, लाइन गेली. मधात जाऊन विचारलं, 'शेठजी, बात हो रही है?' तर म्हणे, 'हाँ बहनजी, हो रही है.'"

"मग?"

"मग तिकडे तिले विचारलं. तेही म्हणे, 'हो रही है.' अन् एक शब्द नाही, दोघांचाही! वेळ संपला तर शेठनं वाढवून घेतला!"

दोघी खो खो हसल्या. आई हसल्या नाहीत. पलीकडच्या खोलीत बाबांचा रेडिओ चालू होता, तो केव्हा बंद झाला, मला कळलं नाही.

* * *

संक्रांत परवावर आली. दुपारी आई-बाबा अंगणात उन्हात चटईवर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. दाण्यांच्या कचोऱ्या करायच्या होत्या. फाटकाशी स्कूटर थांबली. डॉक्टर!

"ताई, बसत नाही. पेशंट आहेत. हो की नाही, तेवढं सांगा."

"बसा तर."

"नाही नाही, उभाच बरा," म्हणत त्यांनी टोपलीतली एक शेंग उचलली. सोलली, दाणे तोंडात टाकले. "कुठल्या हो या?"

"काटोलकडच्या," बाबा म्हणाले.

"आमच्या वावरातल्या अशाच गोड राहतात." डॉक्टर खुर्चीच्या कडेला टेकले. मग नीट बसले. मग बूट काढून खाली चटईवरच आले आणि भराभर सोलायला लागले. त्यांची आई मीठ घालून शेंगा उकडायची, भावंडं भांड्याभोवती कशी बसायची, सालं कुणी कुणाच्या अंगावर टाकायची, सगळं सांगून झालं.

"आई कुठं असते?" आईंनी विचारलं.

"गावाले. दिवाळीपासून जाणंच नाही झालं."

हळूहळू भराभर सोलणं थांबलं. एकेक शेंग, एकेक दाणा. कडुलिंबाची सावली फाटकापर्यंत सरकली. एकदम ते दचकले. "अरे बापरे, ओपीडी!" बुटात पाय कोंबून धावले. स्कूटरला किक मारताना आठवलं. "अन् ताई, ते बोर्डाचं?"

आईंनी टोपलीत पाहिलं. तळाशी पसाभर उरल्या होत्या.

"एवढ्या शेंगा संपल्या की सांगते."

डॉक्टर गेले. बाबा उठले, चपला घातल्या, सायकल काढली.

"आता कुठं निघाले?" आई म्हणाल्या. तोवर सायकल फाटकाबाहेर!

दिवेलागणीला परत आले ते सायकल ढकलत. कॅरिअरवर दोरीनं बांधलेलं तुरीच्या शेंगांचं अख्खं पोतं!

आईंनी पोत्याकडे पाहिलं. घामाघूम झालेल्या बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"सूनबाई, उद्या मोठी सतरंजी काढजो वं!"