सुईचा मान अक्कांना

दवाखान्यातले किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. काचेच्या सिरिंजा उकळत बसलं की चार जण चार गोष्टी बोलतात, आपण ऐकायचं! पण माझ्या किश्श्यांत आमच्या मधुमेहाच्या पेशंट सीताअक्काच फार. का, ते सांगतो. मला त्यांचा हेवा वाटायचा. भयंकर!

स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली होती. जळगावात आमच्या डॉक्टरांकडे मी कंपाउंडर. रोज सकाळी मधुमेहाच्या पेशंटांची रांग माझ्यापुढे मांडी उघडी करून बसायची. कंपाउंडरभाऊंची सुई कळतही नाही म्हणायचे!

एक दिवस डॉक्टर म्हणाले, "आजार त्यांचा, मग हात तुझा का? त्यांनाच शिकवू."

मी मनात हसलो. हे लोक टोचणार?

*

टोचायचा सराव केळ्यावर. अक्का मूळच्या फैजपूरच्या, केळीच्या बागेत वाढलेल्या. केळं दाबून म्हणाल्या, "भाऊ, हे कच्चं हाये. मानसाचं आंग पिकेल असते. दुसरं आना!"

डॉक्टर खूश. आठवड्यात अक्का स्वतः टोचू लागल्या, पंधरवड्यात दुसऱ्यांना शिकवू लागल्या. माझी रांग निम्मी झाली.

*

साखर बघायला लघवी काचेच्या नळीत, औषधात तापवायची. निळी राहिली तर उत्तम, विटकरी झाली तर साखर. धरणगावचे नाना कापूसवाले रोज बाटली आणायचे, रोज निळीशार! मी शाबासकी द्यायचो.

अक्कांनी एकदाच नळी पाहिली, मग नानांचे सुकलेले ओठ पाहिले.

"नाना, सालदाराची तब्येत ब्येस हाये. आता तुमची दाखवा!"

नाना लाजून हसले. खरंच शेतावरच्या गड्याची, सालदाराची होती! महिनाभर मी काय तपासत होतो, देव जाणे.

*

एकादशीला नानांनी इन्शुलिन घेतलं, वर कडक उपास. साखर एकदम उतरली; बाकावर घामाघूम, हात थरथरतायत. मी बिस्किट पुढे केलं तर दात घट्ट! "एकादशी शे!"

मी डॉक्टरांना शोधायला धावलो. परत येतो तो नाना शांतपणे केळं खातायत.

"उपासाले चालते," अक्का म्हणाल्या.

त्या दिवसापासून नाना येताना विचारायचे, "अक्का शे का?" माझं नाव कोणी काढेना.

*

आता लाज वाटते, पण सांगतोच. एकदा मी अक्कांना मुद्दाम बोथट सुई दिली. दुपारी बघतो तर त्या पायरीवर बसून दगडावर सुया घासतायत.

"भाऊ, बोथट होती. बाकीच्याबी घासून ठेवल्या."

डब्यातल्या सगळ्या! मला जेवण गेलं नाही.

*

पुढच्या वर्षी मला सारखी तहान लागू लागली. कोणाला न सांगता स्वतःची नळी तापवली. विटकरी.

डॉक्टरांनी डोस लिहून दिला. पडद्याआड बसलो, सिरिंज भरली. अर्ध्या जळगावला टोचणारा हा हात माझ्याच मांडीपाशी येऊन थांबला. तीनदा थांबला. बाहेर रांग खोळंबली.

अक्का आत आल्या. मी म्हणालो, "अक्का, तुम्हीच द्या. हात जोडतो."

"आज मी देईन. उद्या कोन?"

त्यांनी सुई माझ्याच हातात राहू दिली. पडदा नीट ओढला आणि बाहेर सांगितलं, "थांबा जरा. भाऊ शिकू राह्यले!"

रांगेतून नानांचा आवाज आला,

"भाऊ, घाई नही शे!"