मानाच्या तीन गाई

बार्शीकडून येणाऱ्या छोट्या गाडीत येडशीपर्यंत मी उभा होतो आणि यंत्र खिडकीशी बसून आलं होतं. गोधडीत गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं. पुण्यात गुरांचे डॉक्टर असलेले माझे मित्र त्याला कुणाचा धक्का लागू देत नव्हते. माझ्या पायावर एका बाईनं पत्र्याची पेटी ठेवली होती, त्याचं त्यांना काही नव्हतं. गाईच्या पोटातलं पडद्यावर दाखवणारं हे सोनोग्राफीचं यंत्र तेव्हा नवीनच निघालं होतं. हात घालून जे दोन-अडीच महिन्यांनी कळतं, ते हे महिन्याभरातच सांगतं, असं डॉक्टरांनी वाटेत इतक्यांदा ऐकवलं की माझे कान किटले.

यंत्राचा डेमो ठेवलेल्या दूध सोसायटीची जीप येडशीला आली होती. रामलिंगाचं रान मागं पडलं तसं रस्त्याकडेला हिरवं म्हणून काही उरलं नाही. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. तेरणेच्या कोरड्या पात्रात बायका झिऱ्यातून (वाळूत खणलेल्या खड्ड्यातून) वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. तेरच्या अलीकडच्या गावी चेअरमनच्या घरी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) असं जेवण झालं. साऱ्या प्रवासात मनापासून कौतुक करावं असं तेवढंच.

सोसायटीपुढं मांडव घातला होता. यंत्राला हार घातला, नारळ फोडला, आणि चेअरमननी कुंकू थेट पडद्याच्या काचेलाच लावलं. डॉक्टर ते रुमालानं पुसत कसनुसं हसले. मग भाषणं. गावात प्यायला पाणी नाही आणि मांडवात भाषणांतून दुधाचे पाट वाहत होते.

मांडवाच्या कडेला एक बाई हाडं निघालेली गाय धरून उभी होती. कौसाबाई तिचं नाव.

“भरवून महिना झाला, साहेब. राह्यली का न्हाय, कळंना. कडबा तर सपला,” ती म्हणाली. “गाभण असल तर तेरचा भाऊ सांभाळतो म्हणलाय. न्हायतर उद्या बाजार दावायचा.”

“भाऊ तशीच नाही का ठेवून घेणार?”

“त्याच्या बी दावणीला वैरण न्हाय. रिकाम्या गाईला कोण घालतंय?”

यंत्र जिच्यासाठी निघालं ती हीच गाय, हे माझ्यासारख्यालाही कळलं. मी चेअरमनना सांगायला गेलो.

“पाव्हणं, तुमी बसा की निवांत,” ते म्हणाले. “आधी मानाच्या गाई.”

जत्रेत काठ्यांना मान असतो हे ठाऊक होतं. गाईंच्या गर्भाशयांनाही असतो हे इथं कळलं. पहिली चेअरमनची, दुसरी व्हाइस चेअरमनची, तिसरी एका डायरेक्टरची. तिघींचीही पोटं आंधळ्यालाही कळावीत इतकी सुटलेली. चार लोकांत आपली गाय रिकामी निघाली तर अब्रू जाईल, म्हणून या शहाण्यांनी खात्रीच्याच गाभण गाई आणल्या होत्या! डॉक्टरही गुमान हातमोजा चढवून एकेक तपासत होते. “हे बघा वासराचं डोकं!” टाळ्या पडल्या. मला पडद्यावर धुरासारख्या करड्या ढगांशिवाय काही दिसलं नाही. चेअरमनची गाय तर खोड्यात (जनावर अडकवायच्या लाकडी चौकटीत) दोनदा आणली, कारण पहिल्या फोटोत त्यांचा फेटा आला नव्हता. दुसरा फोटो निघाला आणि लाइट गेली.

कौसाबाईनं गाय स्वतःच खोड्यात घातली.

“डाक्टरसाब, हातानं बघा की.”

“हातानं इतक्यात कळत नाही, बाई.”

“मंग तुमाला बी न्हाय ठाव,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

मला मात्र राग आला. आज मुक्काम करू, लाइट आली की बघू, असं मी डॉक्टरांना म्हटलं. त्यांनी घड्याळ दाखवलं. गाडी चुकली असती, आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात त्यांचं व्याख्यान होतं. यंत्र पुन्हा गोधडीत गेलं.

दिवस कलताना जीप फाट्यावर आली. बाजाराची माणसं आदल्या संध्याकाळीच वाटेला लागतात, तशी कौसाबाई पुढं चालली होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तिनं गाय कडेला ओढली आणि तेरची वाट सोडून बाजाराच्या रस्त्याला लागली.

“डेमो छान झाला, नाही?” डॉक्टर म्हणाले.

छानच झाला. तीन गाई गाभण आहेत हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं, ते आम्ही पुण्याहून येऊन पडद्यावर दाखवलं. चौथीच्या पोटात काही होतं की नव्हतं, हे आता खाटकालाच कळणार होतं.