गेटपासून लांबची इमारत

जावेला आम्ही कचऱ्याच्या ढकलगाडीत घातलं तेव्हा तिचा एक पाय बाहेर लोंबत होता. घामाने लुगडं अंगाला चिकटलं होतं, हाताने छाती धरली होती, डोळे उघडे होते पण ती कोणाकडे बघत नव्हती. ॲम्ब्युलन्स आली होती. पण ती आमच्या इमारतीपासून लांब, मधल्या लोखंडी फाटकापाशी उभी होती. फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली खिशात घालून सोसायटीचा मॅनेजर जेवायला गेला होता.

दुपारची वेळ होती. तळमजल्यावरच्या विरंगुळा केंद्रात आम्ही दोघी पावटे सोलत बसलो होतो. बोलता बोलता ती एका अंगावर कलली. फोन केले, धावाधाव झाली. मग गेटवरून निरोप आला की गाडी फाटकाशी अडकली आहे, माणसं स्ट्रेचर घेऊन येतील, थांबा. किती थांबायचं ते निरोप देणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

झाडलोट करणारी बाई तिथेच होती. लातूरकडची. ती गाडी ओढत घेऊन आली.

"ह्यात घाला, आजी. आत्ताच धुतलीय."

मी नुसती बघत राहिले. जमिनीच्या मालकिणीला कचऱ्याच्या गाडीत घालायचं, असं माझ्या मनात आलं. आलं ते आलं, खोटं कशाला लिहू? तोवर त्या बाईने जावेच्या काखेत हात घातले होते. मग मी पाय धरले.

कचऱ्याची गाडी रोज बाहेर जाते म्हणून फाटकाच्या कडेला तिच्या मापाची वाट ठेवलेली होती. ॲम्ब्युलन्सच्या मापाची नव्हती. बाई ढकलत होती आणि मी जावेचं डोकं धरून बाजूने पळत होते. सत्तरीत जेवढं पळता येतं तेवढं. रो-हाउसच्या दारांतून लोक बघत होते. एकाने मोबाइल वर धरला. त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इमारत एवढी लांब कोणी नेली, तर मी नेली.

चऱ्होलीतली आमची जमीन सगळ्या भाऊबंदांनी मिळून बिल्डरला दिली. त्यावर पुढे टॉवर, मध्ये रो-हाउस, पोहायचा तलाव, हॉल, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी इमारत, असं ठरलं. नकाशा दाखवायला आम्हाला पत्र्याच्या ऑफिसात बोलावलं. मी चौथी शिकलेले. नकाशा मला वाचता येत नव्हता, पण आमचा ओढा कुठे आणि रस्ता कुठे एवढं कळलं.

नकाशा काढणारी एक तरुण मुलगी होती. तिने म्हाताऱ्यांची इमारत अगदी गेटजवळ काढली होती. खाली दवाखाना, समोर बस, दारात भाजीवाला, असं ती नीट समजावून सांगत होती. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. गेटपाशी राखणदार बसतो, एवढंच मला माहीत होतं. शिवाय आमच्याकडे प्रत्येकाला घर पाहिजे ते स्वतःच्या हिश्श्यावर. आमच्या घराचा हिस्सा मागे, ओढ्याच्या अंगाला. मी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "आमचं वावर हितं हाय. इमारत हितं काढा. राखणदार न्हाई आमी, गेटावर बसायला."

मुलगी हळूच म्हणाली, "आजी, कधी तातडीने दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?"

"मिळतील की चौघं खांदा द्यायला."

सगळे हसले. माझा चुलत दीर सगळ्यांत मोठ्याने. ती मुलगी हसली नाही. पुढच्या खेपेला तिने आणलेल्या नकाशात इमारत मागे गेलेली होती.

नंतर रो-हाउसमध्ये लोक राहायला आले. बाहेरच्या गाड्या आत शिरू नयेत म्हणून त्यांनी मधल्या रस्त्यावर फाटक बसवलं. आम्हाला कोणी विचारलं नाही, आणि आम्हीही काही म्हटलं नाही. गाड्यांचा आवाज कमी झाला, मला बरंच वाटलं.

चिंचवडच्या दवाखान्यात जाऊ दहा दिवस होती. हृदयाचा एक भाग कामातून गेला, बाकीच्यावर जपून राहायचं, धावपळ नको, दवाखाना जवळ हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती बोलायला लागली त्या दिवशी मी तिला म्हटलं, "इमारत मागं मी नेली."

"ठावं हाय की. मी बी तिथंच बसले हुते."

"मग तवा का न्हाई बोललीस?"

"तुमच्यापुढं कोण बोलतंय, बाई?" ती म्हणाली. मग म्हणाली, "मला गेटापाशीच पायजे हुतं. येणारंजाणारं दिसलं असतं."

पन्नास वर्षं आम्ही एका चुलीवर काढली होती. तिला काय पाहिजे हे मी कधी विचारलं नव्हतं.

तिला घरी आणायच्या आधीच दुसऱ्या टप्प्याची बैठक लागली. म्हाताऱ्यांची आणखी एक इमारत होणार होती, तीही मागेच, आमच्या शेजारी. गेटजवळच्या जागेवर क्लब हाउस दाखवलं होतं. तीच मुलगी आली होती. मी उभी राहिले आणि सांगितलं की आधी चूक माझी झाली, आता इमारत गेटपाशी घ्या, क्लब हाउस मागे न्या, आणि फाटकाचं कुलूप आजच काढा. माझ्या जावेला मी त्या कुलपाच्या आत आणणार नाही.

चुलत दीर म्हणाला, "काय वहिनी, आता व्हायचं का राखणदार?"

"व्हते. दार तरी उघडं ऱ्हाईल."

या वेळी कोणी हसलं नाही. रो-हाउसमधला एक माणूस उठला. आम्ही शांततेसाठी आत घर घेतलं, पोरं रस्त्यावर खेळतात, कुलूप काढलं तर गाड्या सुसाट जातील, असं त्याचं म्हणणं. त्याचंही चूक नव्हतं. मी त्याला एवढंच विचारलं, "तुमची आई कुठं राहते, दादा?" त्याची आई आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तो खाली बसला.

मुलीने पिशवीतून जुना नकाशा काढून टेबलावर पसरला. तिने तो जपून ठेवला होता. "मी तेव्हाच सांगितलं होतं," असं ती एकदाही म्हणाली नाही. तिच्या जागी मी असते तर म्हटलं असतं.

कुलूप निघालं. फाटकावर आता दिवसरात्र माणूस असतो. गेटपाशीच्या इमारतीचे खांब उभे राहिलेत. तोवर आम्हा दोघींना पुढच्या टॉवरच्या तळमजल्यावर घर दिलं आहे. माझं वावर तिथून दिसत नाही. जाऊ दिवसभर खिडकीशी बसते आणि कोण आलं, कोण गेलं ते मला सांगते. मला त्यातलं निम्मं नको असतं, पण ऐकते.

ती झाडणारी बाई आता चाकणला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला आहे. मध्ये एकदा येऊन गेली. जेवून गेली.

त्या दुपारी फाटकापर्यंत गेलो त्या आम्ही तिघीही जिवंत आहोत.