ओसरीचा ठराव

हेडमास्तर वर्षभर आपल्या गावात एकटा असतो. त्याच्यावर हसायची कुणाची छाती नसते आणि त्यालाही कुणाबरोबर हसता येत नाही. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत सोलापुरात आमचा मेळावा भरला, की साठलेलं सगळं बाहेर पडतं! हेतू असा, की एकमेकांकडून शिकावं. मी पुष्कळ शिकलो.

माझी इंग्रजी शाळा दुसरीतच सुटली. मराठी फायनल पास, म्हणून वैरागजवळच्या एका खेड्यात नेमणूक मिळाली. तिथं हेडमास्तर मी, असिस्टंट मी, घंटा देणाराही मीच. महारवाड्यातली तीन मुलं ओसरीवर बसत. त्यांना मी आत घेतलं, तर गावानं आपली पोरं काढून घेतली. पाटील म्हणाले, "मास्तर, सुट्टीनंतर ती भाईर दिसली, तरच आमची पोरं येतील की!"

पोरं नाहीत तर शाळा बंद. यातून मार्ग विचारायलाच मी सोलापूर गाठलं होतं. पण चार माणसांत उठून बोलायची मला सवय नव्हती.

*

पहिलं भाषण बार्शीच्या अण्णांचं. विषय, 'छडीवाचून शिस्त'. फार गोड बोलले!

तेवढ्यात खिडकीबाहेर पोरांनी विटीदांडूवरून कालवा केला. अण्णांचं भाषण चालूच होतं, पण उजवा हात टेबलाखाली काहीतरी चाचपू लागला.

पुढच्या बाकावरून माढ्याचे नाना म्हणाले, "अण्णा, ती बार्शीलाच राहिली!"

*

मग नानांनी आपला किस्सा सांगितला. त्यांच्या भागात पाचसहा शाळांत मिळून एकच चांगलं घड्याळ. इन्स्पेक्शन लागलं, की ते बैलगाडीत बसून साहेबांच्या पुढं एक गाव पळायचं.

तिसऱ्या, म्हणजे नानांच्या गावी साहेबांनी भिंतीकडं नीट पाहिलं आणि नानांना विचारलं, "काय मास्तर, हे आजही आमच्या आधी पोचलं वाटतं?"

*

त्या हशात मला धीर आला. उभा राहिलो आणि ओसरीचं विचारलं. हसू थांबलं. मग उपाय सुरू झाले.

अण्णा म्हणाले, "दार उघडं ठेवा. ऐकू येतं ना त्यांना? झालं तर!"

नाना म्हणाले, "मी सगळी शाळाच लिंबाखाली भरवतो. तिथं आत कुठलं नि बाहेर कुठलं?"

"आणि पाऊस आला तर?"

"पावसात सुट्टी!"

अक्कलकोटकडच्या एका गुरुजींचा उपाय सगळ्यांत सोपा. "साहेब येणार त्या दिवशी आत बसवायची. साहेबांचा टांगा ओढ्यापलीकडं गेला, की बाहेर."

"मुलं काही म्हणत नाहीत?" मी विचारलं.

"म्हणतात की! रोज विचारतात, गुरुजी, साहेब परत कधी येणार?"

*

शेवटी अध्यक्षांनी ठराव मांडला. शहरातल्या मोठ्या हायस्कूलचे हेडमास्तर ते, रावसाहेब. सर्व जातींच्या मुलांना शाळेत एकत्र बसवावे! सगळे हात वर झाले. टाळ्या झाल्या. रावसाहेब म्हणाले, "चला, पानं मांडली आहेत."

महार मुलांसाठी वेगळी शाळा होती, तिचे हेडमास्तर कांबळे गुरुजी. सकाळपासून ते शेवटच्या बाकावर होते. ठरावाला त्यांचाही हात वर होता. आमची पंगत हॉलमध्ये बसली. त्यांचं पान बाहेर ओसरीवर मांडलं होतं. माझं दाराशी होतं, म्हणून मला दिसत होतं.

"सावकाश होऊ द्या" म्हणत रावसाहेब दारापर्यंत आले. मला पाहून त्यांना आठवण झाली. "अहो कांबळे, तुमच्याकडं तर सगळी मुलं आतच बसतात! तुम्हाला कसं जमलं? या आमच्या तरुण मास्तरांना सांगा की!"

कांबळे गुरुजींनी घास गिळला. माझ्याकडं पाहिलं.

"लई सोपं हाय, मास्तर. आमच्या शाळंला ओसरीच न्हाय."

सगळी पंगत हसली. रावसाहेबही हसत हसत आत वळले. कांबळे गुरुजी ओंजळ पुढं करून, वरून पाणी ओतायला कुणी येतंय का, ते बघत बसले.